डावीकडची जागा

टेबलावर दोन हेडसेट ठेवलेले होते. एक नेवेंकासाठी आणि दुसरा तिच्याबरोबर येणाऱ्या माणसासाठी. तेविता नावाचा धिप्पाड टोंगन तंत्रज्ञ तिच्या डोक्यामागचा पट्टा हलक्या हाताने आवळत होता. त्याने सहज विचारलं, अजून कुणी यायचंय का. बोटीवर आहेत सगळे, असं नेवेंकाने सांगून टाकलं. जानेवारी महिना होता, ट्यूनाचा हंगाम ऐन भरात होता. पोर्ट लिंकनसारख्या मासेमारीच्या बंदरावरून आलेल्या बाईने एवढं सांगितलं की ॲडलेडच्या हॉस्पिटलात कुणी पुढे विचारत नाही. सगळे म्हणजे खरं तर एकच माणूस होता, आणि तो बोटीवर होता की किनाऱ्यावर हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

तेविताने मान डोलावली. दुसरा हेडसेट मात्र त्याने उचलला नाही, तसाच राहू दिला.

काचा डोळ्यांसमोर आल्यावर खोली होती तशीच दिसत राहिली. खिडकी, खुर्च्या, डॉक्टर फॅरंट बाईंचा निळा सदरा, सगळं जागच्या जागी. फक्त टेबलाच्या वर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, तिची किडनी तरंगत होती. मोठ्या भोपळ्याएवढी केलेली, फिकट आणि आरपार दिसणारी, उन्हाळ्यात धक्क्याखाली जेलीफिश दिसतात तशी. आत लाल आणि निळ्या फांद्या पसरलेल्या होत्या, मध्यभागी एक पिवळं नरसाळं होतं आणि मागच्या अंगाला, फांद्यांच्या अगदी बुडाशी, हिरवी गाठ. हिरवा रंग मी दिलाय, तेविता म्हणाला, म्हणजे कशाशी गल्लत व्हायला नको.

नेवेंका बघतच राहिली. चौसष्ट वर्षं ही वस्तू तिच्या पाठीशी बिनबोभाट काम करत आली होती आणि ती कशी दिसते याचा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता. पित्ताशयात खडा आहे का बघायला गावातल्या डॉक्टरने सोनोग्राफी करायला पाठवलं, आणि खड्याऐवजी हे सापडलं.

डॉक्टर फॅरंट उंच, सडपातळ बाई होत्या. त्यांना बसून बोलता येत नसे. "या माझ्याबरोबर," असं म्हणून त्या किडनीभोवती चालायला लागल्या, आणि नेवेंकाही प्रदक्षिणा घातल्यासारखी त्यांच्या मागून चालली. बाई सांगत होत्या, तुमच्याच सीटी स्कॅनवरून हे उभं केलंय. पडद्यावर स्कॅन चपटा दिसतो, पापुद्र्यामागून पापुद्रा, आणि मग सगळं मला मनातल्या मनात जुळवत बसावं लागतं. इथे मला मागे जाऊन बघता येतं. त्यांनी वाकून गाठीच्या पाठीमागे बोट नेलं. पडद्यावर जी एक रक्तवाहिनी वाटली होती ती मागून पाहिल्यावर दोन निघाली. दुसरी बारीकशी, शिरेच्या आड दडलेली, आणि तिचा झरा थेट हिरव्या गाठीत जात होता.

"दोन किडन्या असलेल्या माणसाला मी एवढं फिरवत नाही," बाई म्हणाल्या. "तुमची एकच आहे. मुख्य धमनी बंद करून मी सावकाश कापत बसले तर उरलेली किडनी उपाशी मरेल. म्हणून फक्त गाठीला रक्त नेणाऱ्या फांद्या बंद करायच्या, बाकीची चालू ठेवायची, आणि गाठ काढून घ्यायची. रोबोटचे हात आत असतील, ते मी बाहेरून चालवणार."

"आणि नाही जमलं तर?"

"मग ती सगळीच काढावी लागेल. आणि डायलिसिस."

नेवेंकाने मान हलवली. डायलिसिस तिला माहीत होतं. तिने ते जवळून बघितलं होतं, म्हणूनच तर तिच्याकडे एकच उरली होती.

मग बाईंनी विचारलं, डावी कुणाला दिलीत.

"भावाला."

"कसे आहेत ते?"

"बराच असेल."

बाई चालायच्या थांबल्या. "असेल म्हणजे?"

"आम्ही बोलत नाही," नेवेंका म्हणाली आणि पुन्हा किडनीकडे बघायला लागली.

दिंको तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. वडील महिनोन्महिने समुद्रावर असायचे. नेवेंका शाळा सोडून मासळीच्या कारखान्यात लागली, डबे भरायच्या ओळीवर, आणि संध्याकाळी घरी येऊन त्याचा गृहपाठ घ्यायची. तो तिला सेका म्हणायचा, त्यांच्या क्रोएशियन घरांत बहिणीला लाडाने म्हणतात तसं. लग्नाचं तिच्या मनात एकदोनदा येऊन गेलं. पण पोराचं काय, हा प्रश्न दरवेळी आडवा आला, आणि पोरगा मोठा होईपर्यंत विचारणारे थांबले.

मग ऐन तिशीत दिंकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. बायको, लहान मुलगी, बोटीवरची नोकरी, आणि आठवड्यातून तीनदा सुया टोचून घेत यंत्राला जखडलेला माणूस. तपासणीत नेवेंकाची जुळली. तिने विचार करायला वेळच घेतला नाही, आणि त्याबद्दल तिला कधी पस्तावाही झाला नाही.

बिघडलं ते नंतर. दिंको बरा झाला, पुन्हा बोटीवर गेला, आणि नेवेंकाला मात्र त्याच्यावरची नजर काढता येईना. मीठ किती घेतोस, पाणी प्यायलास का, गोळी घेतलीस का. रविवारी जेवायला बोलवायची आणि त्याच्या ताटातले खारवलेले मासे काढून घ्यायची. सुरुवातीला तो हसण्यावारी न्यायचा. "माझ्या पोटात तू चौकीदार बसवलायस, सेका," असं म्हणायचा आणि टेबलावरचे सगळे हसायचे. पुढे पुढे तो रविवारी यायला टाळू लागला. त्याच्या बायकोने त्याला सोडलं, तेही नेवेंकाला बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

आणि मग त्याच्या मुलीचं लग्न. क्रोएशियन क्लबाचा हॉल भरलेला, वाजवणारे वाजवत होते. दिंकोने कुणीतरी घरी गाळलेल्या राकिया दारूचा पेला उचलला, आणि नेवेंकाने समोरून येऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला. भरल्या हॉलमध्ये, मुलीच्या सासरच्यांदेखत. तो चिडला नाही. हळू आवाजातच म्हणाला, "तुझीच आहे ना ती? मग घेऊन जा परत. इथेच कापून देतो." ती पेला टेबलावर ठेवून बाहेर पडली आणि टेकडीवरच्या आपल्या घरापर्यंत चालत गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गाव लहान. धक्क्यावर, चर्चमध्ये, किराणा दुकानाच्या रांगेत दोघं एकमेकांना दिसत. तो मान खाली घाली आणि ती दुसरीकडे बघे. त्यातही तिची नजर आधी त्याच्या चेहऱ्यावरून फिरून येई. सूज तर नाही ना, रंग कसा आहे, एवढं बघून घेई आणि मग तोंड फिरवी.

यातलं डॉक्टर फॅरंटना तिने काहीच सांगितलं नाही. पण बाईंनी हेडसेट काढला आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, हे तुमच्या भावाला कळायला हवं. एका किडनीत गाठ आली म्हणजे दुसरीत येईलच असं नाही, बहुधा नसेलच, पण ती तुमच्याच शरीरातली आहे. एकदा स्कॅन करून बघायला हवा. हॉस्पिटलकडून कळवू शकतो, किंवा तुम्ही सांगा.

"मी सांगते," नेवेंका म्हणाली. परतीच्या विमानात तिला वाटत राहिलं, हॉस्पिटलवर सोडलं असतं तर बरं झालं असतं. पण हॉस्पिटलचा कागद हातात घेऊन एकट्याच स्वयंपाकघरात उभा असलेला दिंको तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि ते तिला सोसवेना.

तो धक्क्यावरच होता. ट्यूनाचे पिंजरे ओढणारी बोट दुरुस्तीला आणली होती आणि तो डेकवर पाणी मारत होता. ती खाली उभी राहिली. तिने वर येऊ का विचारलं नाही आणि त्याने ये म्हटलं नाही. तिला बघताच त्याने पाइपचं पाणी बंद केलं.

"काय झालं?" त्याने विचारलं. ती आपल्या पायांनी आली आहे म्हणजे काहीतरी झालंय हे त्याला कळलं होतं.

"माझ्या किडनीत गाठ आहे. डॉक्टर म्हणते तूही तुझी तपासून घे."

"माझं सगळं ठीक आहे. परवाच रक्त तपासायला दिलंय."

"रक्तात दिसत नाही ते. माझ्याही नव्हतं दिसलं."

तो हातातल्या पाइपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ऑपरेशन?"

"हो."

"कोण आहे बरोबर?"

"आहेत."

"कोण?"

ती पलीकडच्या बोटींकडे बघायला लागली. त्याने पाणी पुन्हा सुरू केलं आणि डेक धुवायला लागला. झालं, सांगून झालं, असं म्हणून ती वळली. चार पावलं गेल्यावर पाण्याच्या आवाजातून त्याचा आवाज आला. "कुठल्या दिवशी ते सांग. माझा स्कॅन आदल्या दिवशी करून घेतो. एकदाच जायला होईल."

विमान छोटंसं असतं, पण त्याने तिच्या पुढची तिसरी रांग घेतली. नेवेंका सगळा वेळ त्याच्या मानेकडे बघत होती. मानेवरचे केस पिकले होते आणि कुणीतरी ते वेडेवाकडे कापले होते. स्वतःच कापले असावेत. खाली आखाताचं पाणी चकाकत होतं. त्याचं डोकं एकदा खिडकीकडे कललं, झोप लागली असावी, आणि मग दचकून सरळ झालं.

दुपारपर्यंत त्याचा स्कॅन झाला. किडनी स्वच्छ होती, अगदी तरुण माणसाला शोभेल अशी, असं डॉक्टर फॅरंटनी दोघांना एकदमच सांगितलं. दिंकोने ऐकलं आणि टोपी हातात फिरवत राहिला. नेवेंकाच्या छातीवरचं एक ओझं उतरलं. स्वतःच्या गाठीची धास्ती त्या ओझ्याखाली इतके दिवस दबून होती. ती आता डोकं वर काढू लागली.

मग दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनची शेवटची तयारी होती. बाईंना नेवेंकाला सगळं पुन्हा एकदा दाखवायचं होतं आणि तिची संमती घ्यायची होती. नेवेंका खोलीत गेली. तेविताने तिचा पट्टा आवळला आणि दारात घुटमळणाऱ्या दिंकोकडे बघून म्हणाला, "भाऊ ना तुम्ही? या की आत. हा तुमच्यासाठीच आहे." नेवेंका काही म्हणायच्या आत त्याने दुसरा हेडसेट दिंकोच्या डोक्यावर चढवला.

या वेळी टेबलावर नुसती किडनी नव्हती. बाईंनी आजूबाजूचंही मागवून घेतलं होतं. मध्ये पाठीचा कणा, त्याच्या पुढून जाणाऱ्या दोन जाड रक्तवाहिन्या, खालच्या बरगड्या, आणि उजवीकडे किडनी, तिच्या हिरव्या गाठीसकट. दिंको टेबलाच्या पलीकडे उभा होता. नेवेंकाला तो त्या सगळ्यातून दिसत होता. तिच्या बरगड्यांमधून त्याचा चौकडीचा शर्ट, तिच्या किडनीतून त्याचे हात. इतक्या वर्षांत ती त्याच्याकडे अशी समोरासमोर उभी राहून बघत होती ती पहिल्यांदाच, आणि मध्ये हे होतं.

तो आधी उजवीकडे बघत होता. मग त्याची मान दुसरीकडे वळली. तिथे मुख्य धमनीतून एक आखूड खुंट बाहेर आला होता, झाडाची फांदी छाटल्यावर राहतो तसा. त्याच्या पुढे काही नव्हतं. बरगड्या सुरू होईपर्यंत नुसती हवा, आणि त्या हवेतून पलीकडची खिडकी दिसत होती.

"इथे?" त्याने विचारलं.

"इथली तुमच्याकडे आहे," बाई म्हणाल्या.

दिंकोने हात पुढे केला. तो हात त्या मोकळ्या जागेत गेला आणि थांबला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, माणूस हवेत काहीतरी चाचपतोय.

"ती असती तर?" तो म्हणाला. "म्हणजे, दोन्ही असत्या तर? हे सगळं असंच करावं लागलं असतं?"

नेवेंकाने बाईंकडे बघून, सांगू नका अशी मान हलवली, पण हेडसेटमुळे ते बाईंना कळलं नसावं. किंवा कळलंही असेल.

"नाही," डॉक्टर फॅरंट म्हणाल्या. "गाठ अवघड जागी आहे. दोन असत्या तर मी ही पूर्ण काढून टाकली असती. दुसरीवर नेवेंका मजेत जगल्या असत्या. एवढा धोका नव्हता."

दिंकोने दोन्ही हातांनी हेडसेट उतरवला, टेबलावर अलगद ठेवला, आणि बाहेर गेला. नेवेंकाला तो जाताना दिसला. तिच्या पाठीच्या कण्यामागून दार उघडलं आणि मिटलं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "हे त्याला सांगायला नको होतं."

"त्यांनी विचारलं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, त्यांना ठाऊक असेल."

"तुम्ही काहीतरी वेगळं सांगायचं होतं."

बाईंचा चेहरा पडला होता. तेविता कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर बसून उगाचच काहीतरी टाइप करत होता. शेवटी नेवेंकानेच सांगितलं, "दाखवा आता. उद्या काय काय करणार ते दाखवा."

बाईंनी दाखवलं. त्यांनी बोटाने किडनी फिरवली, पाठ वर आणली, आणि त्या बारीक दडलेल्या रक्तवाहिनीला एक चिमटा लावला, मग दुसरीला. किडनीचा एक तुकडा काळवंडला, बाकीची पहिल्यासारखी उजळ राहिली. एवढाच भाग जाईल, त्या म्हणाल्या, उरलेली जिवंत राहील. नेवेंका सगळं ऐकत होती. मध्येच दाराकडे बघत होती.

तो परत आला नाही. हॉस्पिटलच्या वसतिगृहात त्याच्या नावाने घेतलेली खोली तशीच कुलूपबंद राहिली. संध्याकाळच्या विमानाने तो गेला, हे तिला काउंटरवरच्या मुलीने सांगितलं.

सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एका नर्सने तिला विचारलं, झाल्यावर कुणाला फोन करायचा. नेवेंकाने दिंकोचं नाव आणि नंबर सांगितला. नंबर तिला पाठ होता. तो बदलला असेल की काय, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

ती शुद्धीवर आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि पोटात ठिकठिकाणी कुणीतरी खिळे ठोकल्यासारखं दुखत होतं. डॉक्टर फॅरंट पलंगाशी उभ्या होत्या. गाठ पूर्ण निघाली होती. पाऊण किडनी वाचली होती. ती दडलेली रक्तवाहिनी नेमकी होती तिथेच सापडली, बाई म्हणाल्या, आम्ही आधी तिलाच बांधून घेतलं. ती ठाऊक नसती तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, पिशवीत जमा होणाऱ्या लघवीकडे बोट दाखवलं. "बघा, कामाला लागलीसुद्धा."

नेवेंका हसली. तिला ही गोष्ट कुणालातरी सांगावीशी वाटली. तिने डोळे मिटून घेतले.

शेजारच्या पलंगावर एक व्हिएतनामी आजी होती. तिच्याभोवती सकाळपासून माणसांचा राबता असे. मुलं, सुना, नातवंडं, डब्यांमागून डबे. त्यातली एक सून रोज नेवेंकालाही वाटीभर सूप देऊन जाई. तुमच्याकडचे कधी येणार, असं तिने एकदा विचारलं. हंगाम आहे ना, नेवेंका म्हणाली, पिंजरे ओढायला गेलेत. हे खरंच असावं, असं तिला वाटत होतं. समुद्रातून पकडलेला ट्यूना जिवंत ठेवून पिंजऱ्यासकट किनाऱ्याला आणायचा म्हणजे बोट माणसाच्या चालीहूनही सावकाश चालते. आठवडेच्या आठवडे जातात. अशा बोटीवरच्या माणसाची कुणी वाट बघत नाही.

पण रोज दुपारी भेटायची वेळ झाली की ती उशीवर सरळ होऊन बसे आणि केसांवरून हात फिरवी.

एक दिवस डॉक्टर फॅरंट टाके बघायला आल्या तेव्हा तिने त्यांना एक प्रश्न विचारला. दिंको त्या खोलीतून बाहेर पडल्यापासून तो तिच्या मनात होता आणि विचारायला तिला लाज वाटत होती. बाईंनी उत्तर दिलं. मग म्हणाल्या, "हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं." आणि त्या दिवशी त्या पलंगाच्या कडेवर बराच वेळ बसून राहिल्या.

घरी आल्यावर महिनाभर जड उचलायचं नव्हतं. पाण्याची किटलीसुद्धा ती अर्धीच भरे. पाद्री एकदा येऊन गेले, क्लबातल्या बायकांनी पालक-बटाट्याची भाजी आणि तळलेल्या गोड पुऱ्या आणून दिल्या, थोडा वेळ बसल्या आणि आपापल्या घरी गेल्या. खिडकीतून आखात दिसे. संध्याकाळी बोटी आत येत, त्यांचे दिवे एकेक करून विझत. ती रेडिओ लावून ठेवी. घरात दुसरं माणूस आहे असं वाटावं म्हणून नव्हे, बातम्यांत वाऱ्याचा अंदाज सांगतात म्हणून, असं ती स्वतःला सांगे.

दिंको आला तो दुपारचा. उन्हाने चेहरा रापला होता आणि अंगाला डिझेलचा वास येत होता. सरळ बंदरावरूनच आला असावा. दारातच उभा राहिला.

"कळलं मला, नीट झालं म्हणून," तो म्हणाला.

"कुणाकडून?"

"बोटीवरून फोन लावला होता हॉस्पिटलला. सॅटेलाइटवर. तू शुद्धीवर आली नव्हतीस अजून. म्हणाले, पाऊण वाचली."

"म्हणजे तुला माझ्याआधी कळलं."

"हो."

"मग मला नाही करावासा वाटला फोन?"

तिने खुर्ची ओढायला हात लावला, तेव्हा घाईने पुढे येऊन त्याने ती आपणच ओढली आणि बसला. बराच वेळ टेबलावरच्या फडक्याच्या घड्या घालत राहिला.

"मला वाटायचं, ते भरून निघत असेल," शेवटी तो म्हणाला. "काढल्यानंतर. माणसाच्या अंगात जखम भरते तसं. इतकी वर्षं मी तसंच धरून चाललो होतो, सेका. आणि तिथे खिडकी दिसत होती."

ती चुलीकडे पाठ करून उभी होती. तिला बसायला हवं होतं, पण ती उभीच राहिली.

"भरतं ते," ती म्हणाली. "मी विचारलं डॉक्टरणीला. आतडी सरकून येतात तिथे. जागा रिकामी राहत नाही."

"मी बघितलं ना."

"आतडी दाखवलीच नव्हती त्या चित्रात. पोट नाही, चरबी नाही, काही नाही. तिला कापायला जेवढं लागतं तेवढंच काढून घेतात ते. बाकीचं सगळं त्या तेविताने पुसून टाकलं होतं."

दिंकोने वर बघितलं. "खरं सांगतेस?"

"विचार जाऊन त्याला."

तो हसला नाही, पण त्याचे खांदे खाली आले. मग त्याने हाताच्या पंजाने तोंड झाकून घेतलं आणि तसाच बसून राहिला. नेवेंकाला त्याच्याजवळ जावंसं वाटलं. लहानपणी तो असा बसला की ती त्याच्या डोक्यावर हात ठेवी. पण आता त्याच्या डोक्याला टक्कल पडायला लागलं होतं आणि तिला ते जमेना. ती सिंकमधली भांडी आवरत राहिली. भांडी फारशी नव्हती, एका माणसाची कितीशी असणार.

जाताना तो म्हणाला, बाईंना तू बोललीस म्हणे माझ्यावरून. तिने विचारलं, तुला कुणी सांगितलं. त्यानेच फोनवर बाईंना विचारलं होतं, सेका काय म्हणाली, म्हणून. "त्या म्हणाल्या, खोटं का नाही बोललात असं तू त्यांना म्हणालीस." त्याने चपला पायात सरकवल्या. "बरं झालं नाही बोलल्या ते."

"तुला वाईट वाटलं."

"वाटायलाच हवं होतं," तो म्हणाला. "रविवारी बघतो यायला जमलं तर."

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याला आला, कोपऱ्यातल्या नळाची गळती काढून दिली आणि जेवून गेला. तिने त्याच्या ताटाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. ते तिला पुरतं साधलं नाही, पण ती काही बोलली नाही. त्यानंतर कधी तो येई, कधी पिंजऱ्यांमागे गेलेला असे. महिना महिना काहीच कळत नसे. नेवेंकाने त्याच्यासाठी म्हणून वेगळं रांधायचं सोडून दिलं. जे असेल ते दोघं खात, आणि तो आला नाही की ती एकटी खाई, खिडकीशी बसून, आणि उरलेलं झाकून ठेवी.